गाडीचे पाणी जाते कोठे?

खेड्यातील जुन्या मोटारीच्या दिनचर्येत एक विधी बहुधा ठरलेला असतो. सकाळी गाडी बाहेर काढण्यापूर्वी घरातील कोणी तरी तांब्या घेऊन येतो, रेडिएटरचे झाकण उघडतो, आत पाणी ओततो आणि झाकण लावून निश्चिंत होतो. "आमची गाडी जरा पाणी पिते," असे कौतुकाने सांगणारे गृहस्थही आम्ही पाहिले आहेत. गाय पाणी पिते, बैल पाणी पितो. मोटार मात्र पाणी पीत नाही. तिच्या यंत्राभोवती फिरणारे पाणी हे बंद भांड्यातील पाणी आहे. ते कमी होत असेल तर त्याचा अर्थ एवढाच, की ते कोठून तरी बाहेर जात आहे आणि कोठून जात आहे हे आपण अद्याप पाहिलेले नाही.

हा प्रश्न केवळ गाडीच्या मालकाचा नव्हे. आपल्या सीमाभागातील वाड्यावस्त्यांत एक गाडी चार घरांची असते. कोणाची प्रसूतीची वेळ भरली, कोणा वृद्धाच्या छातीत कळ आली, की मध्यरात्री त्याच गाडीच्या दारावर थाप पडते. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली आणि ओम्नीचे २०१९ साली बंद झाले. तथापि आपल्या रस्त्यांवर या गाड्या अजूनही इमानाने राबताना दिसतात. त्यांच्या म्हातारपणाचा हा सर्वांत सामान्य आजार. तो वेळीच ओळखता आला तर थोडक्या पैशांत बरा होतो. ओळखता आला नाही तर इंजिनाचा प्राण घेतो, आणि तोही बहुधा नको त्या रात्री.

पाण्याचे काम

इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलची सगळी शक्ती चाकांपर्यंत पोहोचत नाही. ढोबळ मानाने तिचा तिसरा हिस्सा कामी येतो, तिसरा हिस्सा धुरावाटे जातो आणि उरलेली उष्णता इंजिनाच्या अंगात साठू पाहते. ती उचलून रेडिएटरकडे नेणे आणि वाऱ्याच्या स्वाधीन करणे हे पाण्याचे कार्य होय.

मोटारीच्या आरंभकाळी ही व्यवस्था फार साधी होती. कार्ल बेंझ यांनी १८८६ साली पेटंट घेतलेल्या गाडीत पाणी उकळून वाफ होऊन उडून जाई, आणि त्याबरोबर उष्णताही जाई. त्यांच्या पत्नी बर्था बेंझ ऑगस्ट १८८८ मध्ये आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत त्या गाडीतून गेल्या. सुमारे शंभर किलोमीटरच्या त्या प्रवासात या मातेला वाटेत वारंवार थांबून पाणी भरावे लागले. त्या गाडीच्या बाबतीत ते योग्यच होते. तिची रचनाच तशी होती. आपल्या गाडीची रचना तशी नाही. आपण मात्र अजून बर्थाबाईंच्या काळातच तांब्या घेऊन उभे आहोत!

आजच्या गाडीचे तत्त्व आपल्या गृहिणींना पुरते परिचित आहे, कारण ते कुकरचे तत्त्व आहे. उघड्या पातेल्यातील पाणी समुद्रकाठी १०० अंश सेल्सिअसला उकळते. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास असलेल्या बेळगावात ते सुमारे ९७ अंशांनाच उकळू लागते. परंतु भांडे घट्ट बंद करून आत दाब वाढू दिला, की उकळबिंदू वर सरकतो. रेडिएटरच्या झाकणावर पुष्कळदा '०.९' असा आकडा कोरलेला आढळतो. तो या दाबाचा आकडा आहे. वातावरणाच्या दाबावर एवढा दाब चढला म्हणजे पाणी सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात कूलंट मिसळलेले असेल तर ही मर्यादा आणखी वाढते. यावरून ध्यानात येईल, की झाकणाचे रबर झिजले तर कुकरची रिंग झिजल्यासारखेच होते: दाब धरत नाही, पाणी लवकर उकळते आणि बाहेर पडते. भांड्याला अन्यत्र कोठे बारीकशी चीर पडली तरी परिणाम तोच.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

तपासणीस हात घालण्यापूर्वी दोन गोष्टी मनावर कोरून ठेवाव्यात. पहिली अशी, की गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. आतील पाणी शंभर अंशांच्या वर असूनही केवळ दाबामुळे उकळत नसते. झाकण फिरताच तो दाब जातो, त्याच क्षणी ते पाणी वाफेसह उसळते आणि तोंड, छाती, हात भाजून काढते. सर्व तपासणी रात्रभर थंड झालेल्या गाडीवर सकाळी करावी.

दुसरी गोष्ट मुलाबाळांच्या घरी विशेष महत्त्वाची. कूलंटमध्ये सामान्यतः इथिलीन ग्लायकॉल नावाचे द्रव्य असते. ते चवीला गोडसर, पण विषारी आहे. मूत्रपिंडे निकामी करून ते जीव घेऊ शकते. अंगणात सांडलेले कूलंट कुत्रे चाटते, शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ठेवलेले रंगीत कूलंट लेकरू सरबत समजून तोंडाला लावते. यास्तव ते मूळ डब्यातच, मुलांच्या हाताबाहेर ठेवावे. सांडलेले भरपूर पाण्याने धुऊन काढावे. आणि गळती ओळखण्यासाठी थेंब जिभेवर ठेवून पाहण्याची काही मेस्त्रींची जुनी सवय कोणीही उचलू नये.

शोधाचा क्रम

वैद्य जसा आधी नाडी पाहतो व मग औषध देतो, तद्वत् येथेही आधी पाहणे आणि मग सुटे भाग विकत घेणे, हा क्रम सोडू नये. पाहण्याचा क्रमही ठरलेला असावा: सोप्याकडून अवघडाकडे, बाहेरून आत.

आरंभी पाणी खरोखर किती कमी होते याची नोंद करावी. रेडिएटरला एका बारीक नळीने जोडलेली प्लॅस्टिकची बाटली असते; तिच्यावर किमान व कमाल अशा दोन खुणा असतात. रेडिएटर तोंडापर्यंत आणि बाटली कमाल खुणेपर्यंत भरून आठवडाभर रोज सकाळी दोन्ही पाहावे, व किती किलोमीटर धावल्यावर किती पाणी उतरले हे वहीत लिहावे. येथे एक मर्म आहे. इंजिन तापले की पाणी फुगून बाटलीत येते आणि निवले की ते पुन्हा आत ओढले जाते. झाकणातील परतीची झडप बिघडली, किंवा ती बारीक नळी फाटली, तर पाणी बाटलीत येते पण परत जात नाही. अशा वेळी बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर मात्र रिता असतो. केवळ बाटली पाहून समाधान मानणारा मनुष्य येथे फसतो. बाटलीचे पाणी वाढलेले व रेडिएटरचे उतरलेले आढळले, तर संशय प्रथम झाकणावर आणि त्या नळीवर घ्यावा. झाकण ही या सर्व यंत्रणेतील अगदी स्वस्त वस्तू आहे.

दुसरी पायरी जमिनीची. रात्री गाडीखाली जुन्या खोक्याचा स्वच्छ पुठ्ठा पसरून ठेवावा. सकाळी त्यावर पडलेला डाग बोलका असतो. काळा व तेलकट असेल तर ते इंजिनचे तेल. हिरवा, लाल किंवा नारिंगी व बोटाला किंचित बुळबुळीत लागला, तर कूलंट. वातानुकूलन यंत्र चालविल्यानंतर गाडीखाली पडणारे स्वच्छ, रंगहीन पाणी हा दोष नव्हे. ती हवेतील बाष्पाची झालेली धार आहे. परंतु आपण रोज साधे पाणीच ओतत असू, तर गळतीही रंगहीन दिसणार आणि फरक कळणार नाही. कूलंटच्या रंगाचा हाही एक उपयोग आहे. पुठ्ठ्यावरचा डाग चाकापासून किती अंतरावर पडला हे मोजून ठेवावे, म्हणजे वर कोठे पाहावयाचे ते समजते.

तिसरी पायरी डोळ्यांची आणि बोटांची. हाती विजेरी घ्यावी, गाडीचा हातब्रेक ओढावा, चाकांमागे दगड लावावेत, किल्ली काढून घ्यावी. मग रबरी नळ्यांची टोके एकेक करून पाहावीत. जेथून पाणी झिरपते तेथे ते वाळून पांढरट अथवा हिरवट खरपुडी मागे राहते. विहिरीचे जड पाणी वापरीत असलो तर ही खरपुडी अधिकच दाट होते. गळतीने आपल्या हातांनी लिहून ठेवलेली ती कबुली होय. नळी दाबून पाहावी. ती भुसभुशीत, फुगलेली किंवा भेगाळलेली असेल तर बदलावी. तिच्यावरची लोखंडी क्लिप गंजली वा सैल झाली आहे का ते पाहावे. नंतर रेडिएटरची जाळी, आणि जाळीला वरची-खालची टाकी जेथे जोडली आहे तो सांधा. नंतर पाण्याचा पंप. या पंपाच्या अंगावर एक बारीक छिद्र कारखान्यानेच ठेवलेले असते. आतील सील झिजले की पाणी तेथून ठिबकते आणि आपणास सूचना मिळते. काही शहाणे ते छिद्रच बुजवून टाकतात; ही रडणाऱ्या लेकराचे तोंड दाबण्याची रीत झाली. पंप बदलणे हाच तेथे उपाय. ओम्नीचे इंजिन पुढच्या आसनांखाली व रेडिएटर अगदी पुढे असल्यामुळे त्यांना जोडणाऱ्या नळ्या गाडीच्या पोटाखालून जातात. खडी आणि चिखल यांचा मार त्यांनाच बसतो. तेव्हा त्या गाडीच्या मालकाने खाली वाकून पाहण्याचा आळस करू नये.

काही गळत्या थंड गाडीत दिसतच नाहीत. दाब चढला तरच चीर उघडते. याकरिता गाडी चांगली तापवून बंद करावी आणि झाकणास हात न लावता दहा-पंधरा मिनिटे नुसते पाहत राहावे. इंजिन बंद झाल्यावर पाण्याचे फिरणे थांबते, पण धातूतील उष्णता त्यात उतरतच असते. त्यामुळे काही काळ पाणी अधिकच तापते, आणि लपलेली गळती याच वेळी प्रकट होते. विजेवर फिरणारा पंखा अशा वेळी आपोआप सुरू होऊ शकतो, म्हणून बोटे व साडी-धोतराचे पदर दूर ठेवावेत. एवढ्यानेही काही हाती न लागले, तर तालुक्याच्या गॅरेजात दाब तपासण्याचा हातपंप असतो. थंड गाडीवर तो झाकणाच्या जागी बसवून झाकणावरील आकड्याएवढाच दाब चढवितात. पंधरा मिनिटे काटा स्थिर राहिला तर बाहेर गळती नाही असे बहुतांशी समजावे. उतरू लागला तर पाणी कोठे दिसते ते शोधावे. त्याच पंपावर झाकणही तपासून घ्यावे.

मूळ दोष आणि त्याचे परिणाम

आमच्या परिचयातील एका कुटुंबाची हकीकत येथे उपयोगी पडेल. त्यांची जुनी मारुती ८०० दोन महिने रोज तांब्याभर पाणी घेत होती. डिसेंबरात जुन्या गोव्याला संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणास मंडळी गेली आणि परतताना चोर्ला घाटाच्या चढावर, सहा माणसांच्या ओझ्याने, उष्णतेचा काटा लाल रेघेला भिडला. घरी लहान मूल तापाने आजारी असल्याने पोहोचण्याची घाई होती. काटा पाहूनही दोन वळणे तशीच चढली, मग गाडी आपणच थांबली. कोणी तरी ओढ्याचे थंड पाणी आणून तापलेल्या इंजिनात ओतले. ती रात्र मंडळींनी घाटातच काढली.

या इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे असते. ओतीव लोखंडापेक्षा ॲल्युमिनियम उष्णतेने जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. जुन्या १४८९ सी.सी. ॲम्बॅसडरचे लोखंडी हेड असला मार काही अंशी सोसून जाई. ॲल्युमिनियमचे हेड वाकते, आणि एकदम गार पाणी पडल्यास तडकतेही. या गाडीचे हेड वाकले, त्याखालील गॅस्केट गेले. हेड उतरवून, घासून सपाट करून, नवे गॅस्केट घालून गाडी परत आली. त्या खर्चासाठी घरची एक म्हैस विकावी लागली.

आणि आठ दिवसांनी पाणी पुन्हा कमी होऊ लागले!

आता कुटुंबाने गाडीला दोष दिला, मेस्त्रींना दोष दिला. अखेर गावातील एका वृद्ध, निवृत्त चालकाने पुठ्ठा पसरला, विजेरी घेतली, आणि खालच्या रबरी नळीच्या टोकाशी गंजून सैल झालेली क्लिप दाखविली. तिच्याभोवती पांढरी खरपुडी कित्येक महिन्यांची होती. गॅस्केट जाणे हा परिणाम होता. क्लिप हे कारण होते. परिणामाची दुरुस्ती झाली, कारण तसेच राहिले. गंमत अशी, की रोजचा तांब्याभर पाण्याचा उपचार नसता, तर गाडी पहिल्याच आठवड्यात अंगणात तापून थांबली असती आणि क्लिप तेव्हाच सापडली असती. त्या पाण्याने दोष बरा केला नाही. केवळ झाकून ठेवला.

आतली गळती

बाहेर कोठेही थेंब नाही, झाकण ठीक आहे, दाबही उतरतो, मग पाणी इंजिनाच्या आतच जात असले पाहिजे. याची लक्षणे अशी: गाडी पूर्ण तापल्यानंतरही धुराड्यातून दाट पांढरी वाफ व गोडसर वास येणे, तेलाच्या डिपस्टिकवर दुधाच्या चहासारखा रंग दिसणे, थंड गाडी सुरू केल्यावर मिनिटभरातच वरची रबरी नळी दगडासारखी कठीण होणे, आणि थंड असताना झाकण काढून गाडी सुरू केल्यास पाण्यातून सतत बुडबुडे येत राहणे. तथापि एका लक्षणावरून निकाल देऊ नये. हिवाळ्याच्या सकाळी धुराड्यातून थोडी वाफ येणे स्वाभाविक आहे. पावसाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीच्या तेलाच्या झाकणाखाली थोडा पांढरा फेस जमतो, तोही केवळ दमटपणाचा असू शकतो. खात्रीसाठी गॅरेजात एक निळे द्रावण वापरतात. रेडिएटरच्या तोंडावरील हवा त्यातून ओढली असता, तीत जळालेला वायू मिसळलेला असल्यास द्रावण पिवळे होते. एवढी खात्री झाल्यावाचून हेड उघडू देऊ नये.

रेडिएटरमध्ये हळदीची पूड टाकण्याचा एक गावठी उपाय आपल्याकडे सर्वत्र प्रसिद्ध आहे, आणि गळती बुजविणारी तयार पूडही दुकानात मिळते. रानात अडकलेल्या माणसाला घरापर्यंत येण्यापुरता तो उपाय क्षम्य आहे. परंतु जी पूड चीर बुजविते, तीच रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजविते. घरी आल्यावर खरी दुरुस्ती करून सर्व पाणी बदलावे.

वाटेत काटा चढला तर

काटा वर चढताच गाडी कडेला घेऊन थांबवावी. कितीही घाई असली तरी आणखी एक वळण चढू नये. निदान पाऊण तास थांबून, इंजिनावर हात ठेवता येईल एवढे ते निवल्यावर, जाड ओले फडके घालून झाकण सावकाश सोडावे आणि पाणी थोडे थोडे घालावे. संकटकाळी साधे पाणी चालते. नंतर मात्र कंपनीने सांगितल्या प्रमाणात कूलंट व शुद्ध पाणी भरावे. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. चढलेला काटा काहीही न करता एकाएकी खाली आला, तर देवाचे आभार मानून पुढे जाऊ नये. पाणी इतके उतरले असेल, की उष्णता मोजणारे यंत्रच कोरडे पडले असेल. असा खाली आलेला काटा चढलेल्या काट्याहून अधिक भयंकर समजावा.

नवी गाडी घरी आली, की आपण ती आशीर्वादासाठी चर्चच्या दारी आणतो; पुढच्या काचेपाशी जपमाळ अडकवितो, संत ख्रिस्तोफरची प्रतिमा लावतो. ही श्रद्धा उत्तम आहे. परंतु आशीर्वादाच्या प्रार्थनेत धर्मगुरू प्रवाशांच्या रक्षणाची याचना करतात. सैल क्लिप आवळण्याचे काम परमेश्वराकडे सोपवीत नाहीत. कृपा निसर्गाचा नाश करीत नाही, त्यास पूर्णत्व देते, ही संत थॉमस अक्विनास यांची शिकवण आहे. निसर्गाने दिलेले डोळे व हात मिटून बसणाऱ्याला ती लागू करता येत नाही. परमधर्मपीठाच्या एका परिषदेने १९ जून २००७ रोजी वाहनचालकांसाठी जी दहा आज्ञांची यादी प्रसिद्ध केली, तिच्या शिरोभागी हत्येचा निषेधच आहे. रुग्णाला घेऊन निघालेली गाडी, ठाऊक असलेल्या दोषापायी, घाटात बंद पडली तर पाचव्या आज्ञेचा प्रश्न आपल्याही दारी येतो. आणि दहा कुमारिकांपैकी पाच जणींना दाराबाहेर ठेवणारी गोष्ट, वाचकहो, शेवटी तेल आधी पाहून ठेवण्याचीच होती.

तेव्हा येत्या शनिवारी रात्री गाडीखाली एक पुठ्ठा घालून ठेवावा. रविवारी मिस्सेला निघण्यापूर्वी घरातील एखाद्या चुणचुणीत मुलाच्या किंवा मुलीच्या हाती विजेरी द्यावी आणि काय दिसते ते वहीत लिहावयास सांगावे. पुठ्ठा कोरडा, रेडिएटर भरलेला व बाटली खुणेवर असली, तर तांब्या स्वयंपाकघरात परत ठेवण्यास हरकत नाही. डाग दिसला, तर तो कोठून आला हे कळेपर्यंत ती गाडी घाटात नेऊ नये.